पाण्याशेजारची वीज आणि तिचा हिशेब

न्यू जर्सीतील एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत विजेच्या जोडणीचा परवानाधारक कंत्राटदार म्हणून मी जी वर्षे काढली, त्या वर्षांत घरामागच्या अंगणात गरम पाण्याचा टब बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थांनी मला सर्वांत अधिक वेळा जर कोणता प्रश्न विचारला असेल, तर तो हाच की, ह्या टबाला वीज जोडायला एकूण खर्च किती येईल. आणि ज्या प्रश्नाला घर पाहिल्यावाचून एका आकड्यात उत्तर देणे मला आजवर कधी साधले नाही, असा प्रश्नही हाच. विक्रेत्याच्या छापील पत्रकात टबाची किंमत असते, तो घरपोच आणून ठेवण्याची मजुरी असते, झाकणाची, पायरीची आणि पाण्यात घालावयाच्या औषधांची किंमतही स्वतंत्रपणे मांडलेली असते. केवळ विजेच्या बाबतीत ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, एवढ्यावर भागवलेले असते. ह्यात विक्रेत्याचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. टब सर्वांचा एकाच साच्याचा असला, तरी घर प्रत्येकाचे निराळे असते, आणि तारेची किंमत टबावरून ठरत नसून घरावरून ठरते. परंतु पत्रकातल्या त्या मौनामुळे खरेदीदार मनाशी एक लहानसा आकडा धरून बसतो, आणि पुढे खरा आकडा त्याच्यापुढे आला की आपली फसवणूक होत आहे असे त्याला वाटू लागते. ही भावना पुष्कळदा अस्थानी असते. कधी कधी ती रास्तही असते. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

साताऱ्याच्या आय.टी.आय.मध्ये वायरमनचे शिक्षण पुरे करून, काही काळ एका कंत्राटदाराच्या हाताखाली बंगल्यांची आणि शेतावरच्या पंपांची कामे करून मी ह्या देशात आलो, तेव्हा हात कामाला सरावलेले होते. परंतु इथले घर वीज निराळ्या रीतीने घेते, हे मला नव्याने शिकावे लागले. आपल्याकडे साध्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो व त्या दोहोंत २३० व्होल्टचा दाब असतो. इथे खांबावरील ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याच्या नेमक्या मध्यातून न्यूट्रल काढलेला असतो आणि त्या वेटोळ्याच्या दोन टोकांपासून दोन जिवंत तारा घरात येतात. त्यांतील कोणतीही एक तार आणि न्यूट्रल ह्यांच्यात १२० व्होल्ट, तर त्या दोन तारांत परस्परांत २४० व्होल्ट असा दाब मिळतो. दिवे आणि किरकोळ उपकरणे १२० वर चालतात. ज्यांना उष्णता निर्माण करावयाची असते किंवा मोठा पंप फिरवावयाचा असतो, ती यंत्रे २४० वर.

ह्या रचनेचे मूळ, ज्याच्या नावाने आमचे गाव आज ओळखले जाते त्या थॉमस एडिसनपर्यंत जाऊन पोहोचते. १८७६ साली त्याने मेन्लो पार्क येथे आपली प्रयोगशाळा थाटली, ती जागा आमच्याच टाऊनशिपच्या हद्दीत आहे. पूर्वी रॅरिटन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या टाऊनशिपने १९५४ साली त्याचे नाव धारण केले. घरोघरी वीज पोहोचवू पाहणाऱ्या एडिसनला सर्वांत अधिक काळजी होती ती तांब्याच्या किमतीची. दोन तारांनी कमी दाबाची वीज दूरवर न्यावयाची तर तांबे इतके जाड घ्यावे लागे की सारा व्यवहारच आतबट्ट्याचा होई. म्हणून त्याने मध्ये एक तटस्थ तार घालून दोन बाजूंचा दाब एकत्र जोडणारी त्रितारी पद्धत काढली आणि १८८३ साली पेनसिल्व्हेनियातील सनबरी येथे ती प्रत्यक्षात आणली. तिच्यामुळे त्याच कामाला लागणारे तांबे निम्म्याहूनही पुष्कळ कमी झाले. एडिसनची वीज एकदिश होती आणि आजची प्रत्यावर्ती आहे, एवढा भेद सोडला, तर माझ्या गिऱ्हाइकांच्या तळघरांत येणाऱ्या तीन तारा त्याच विचाराच्या वंशज आहेत. तांब्याचा भाव हा वायरिंगच्या हिशेबाचा पाया तेव्हाही होता आणि आजही आहे. २०२१ च्या मे महिन्यात लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर होता, त्या सुमारास मी दिलेली अंदाजपत्रके महिनाभरही टिकत नसत, आणि त्यांच्या तळाशी ‘मुदत १५ दिवस’ असे लिहिणे मला भाग पडे.

आता टबाकडे वळतो. चार-सहा माणसे बसतील अशा साधारण टबात पाणी तापवणारा हीटर बहुधा साडेपाच किलोवॉटचा असतो. २४० व्होल्टवर तो एकटा सुमारे २३ अँपिअर घेतो. त्याच्या जोडीला पाण्याचे झोत सोडणारे एक-दोन पंप, पाणी सतत फिरते ठेवणारा एक लहान पंप, दिवा आणि पाणी शुद्ध करणारे ओझोनचे यंत्र, एवढा परिवार धरला म्हणजे ५० अँपिअरचा ब्रेकर आणि ६ नंबरची तांब्याची तार ही जवळजवळ ठरून गेलेली गोष्ट होते. तारा चार लागतात: दोन जिवंत, एक न्यूट्रल आणि एक हिरव्या वेष्टनाची ग्राउंडची. घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारे लहान टबही मिळतात आणि त्यांना वीज जोडण्याचा खर्च नगण्य असतो. मात्र त्यांचा हीटर अवघा एक-दीड किलोवॉटचा असल्यामुळे जानेवारीच्या थंडीत झाकण उघडले की पाणी निवू लागते आणि ते पुन्हा तापेपर्यंत रात्र उलटते.

पॅनल तळघरात, टब त्याच भिंतीच्या पलीकडे पाच-दहा हातांवर, पॅनलमध्ये दोन ब्रेकरांची जागा रिकामी आणि घराला भार सोसेल एवढी वीज, अशी अनुकूल परिस्थिती असेल, तर परवान्याच्या फीसह हे काम माझ्या दरांत ८०० ते १,६०० डॉलरांत बसते. टब अंगणाच्या टोकाला गेला, मध्ये फरसबंदी किंवा भिंत आली, चर लांबला, की आकडा २,५०० च्या पुढे सरकतो. आणि मुख्य पॅनलच बदलावे लागले, तर त्या एका कामाचेच २,००० ते ४,००० डॉलर निराळे धरावे लागतात. म्हणजे एकाच टबाला एका घरी नऊशे आणि शेजारच्या घरी सहा हजार लागू शकतात, आणि दोन्ही बिले प्रामाणिक असू शकतात. ज्याला ही गोष्ट कळली नाही, तो शेजाऱ्याचे बिल पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवतो, आणि त्याची समजूत घालण्यात माझी संध्याकाळ जाते.

ह्याच संदर्भात एका घराची हकिकत सांगणे उपयोगाचे होईल. मुलाकडे कायमचे राहायला आलेले एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी असे ते कुटुंब होते. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवाताने घेरलेले होते. कोमट पाण्यात बसल्यावर पाय मोकळे होतात, असा त्यांचा अनुभव होता, म्हणून मुलाने टब विकत घेतला होता. तो अजून यायचा होता. माझ्या आधी दुसऱ्या एका कंत्राटदाराने येऊन अंदाजपत्रक दिले होते, आणि तो कागद हातात धरूनच काकांनी मला दारातून आत घेतले.

“अहो, टब सात हजारांचा आणि त्याच्या तारेला सहा हजार? मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, पण असा हिशेब मला कोणी दाखवला नव्हता.”

“काका, कागद राहू द्या. आधी मला तळघरातले पॅनल दाखवा, मग टब कुठे ठेवायचा ठरवलेय ती जागा दाखवा. हिशेब आपण दोघे मिळून करू.”

पॅनल १०० अँपिअरचे होते. १९६० च्या आसपास बांधलेल्या इथल्या घरांत ते सर्रास आढळते, आणि ५० अँपिअरचा टब म्हटल्यावर १०० चे पॅनल अपुरे पडणारच, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. कागदावरही तेच कारण दिलेले होते. परंतु अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता अशा दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करावयास सांगत नाही. घरातील सर्व उपकरणे एकाच क्षणी पूर्ण भाराने चालत नाहीत, हे अनुभवाने सिद्ध झालेले सत्य तिने हिशेबात घेतले आहे. म्हणून जुन्या घराला नवा भार जोडताना पहिले ८,००० व्होल्ट-अँपिअर पूर्ण धरावेत आणि त्यापुढील साऱ्या भाराचे केवळ ४० टक्के धरावेत, अशी एक पद्धत तिच्यात दिलेली आहे. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. १,६०० चौरस फुटांचे घर, दर चौरस फुटाला ३ प्रमाणे ४,८००, स्वयंपाकघराच्या दोन आणि कपडे धुण्याच्या एका सर्किटाचे मिळून ४,५००, भांडी धुण्याच्या यंत्राचे १,२००, मायक्रोवेव्हचे १,५००, वातानुकूलन यंत्राचे ५,०००, आणि टबाच्या पाटीवर लिहिलेले ९,६००. बेरीज २६,६०० झाली. त्यातले ८,००० पूर्ण आणि उरलेल्या १८,६०० चे ४० टक्के म्हणजे ७,४४०, मिळून १५,४४०. २४० ने भागले असता सुमारे ६४ अँपिअर. शेगडी, घर तापवण्याची भट्टी, पाणी तापवण्याची टाकी आणि कपडे वाळवण्याचे यंत्र ही सारी गॅसवर चालत होती. तेव्हा ते १०० अँपिअरचे पॅनल टबाचा भार सुखाने पेलणारे होते, आणि ते उतरवून नवे बसवण्याचे काही प्रयोजन नव्हते.

काकांनी तो भागाकार स्वतः पुन्हा एकदा करून पाहिला. ह्यात मला उणेपणा वाटला नाही; उलट असा गृहस्थ समोर असला म्हणजे काम करणाराला हुरूप येतो. मात्र हाच हिशेब दुसऱ्या घरी अगदी उलट बोलू शकतो, हेही मी त्यांना सांगितले, आणि येथेही ते सांगितले पाहिजे. त्याच घरात ८,००० व्होल्ट-अँपिअरची विजेची शेगडी, ५,००० चे वाळवण्याचे यंत्र आणि विजेवर चालणारी मोटार भारित करणारे साडेअकरा हजारांचे उपकरण असते, तर त्याच पद्धतीने उत्तर १०५ अँपिअर आले असते आणि पॅनल बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. पॅनल बदलायला सांगणारा प्रत्येक कंत्राटदार लोभी असतो असे नाही, आणि नको सांगणारा प्रत्येक जण साधू असतो असेही नाही. जो हिशेब लिहून दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवावा, एवढेच मी आजही सांगतो.

राहिला प्रश्न जागेचा. टब अंगणाच्या पार टोकाला, एका मेपलच्या झाडाखाली ठेवायचा असे मुलाने ठरवले होते. जागा रम्य होती ह्यात शंका नाही. पण तळघरातल्या पॅनलपासून तिथवर जायचे म्हणजे आतून अर्ध्या घराची लांबी आणि बाहेर जवळजवळ ८० फुटांचा चर. मध्य जर्सीत वरचा हातभर मातीचा थर उकरला की पुष्कळ ठिकाणी तांबडी, पापुद्र्यांची शेल लागते, आणि तिच्यात चर खणणे हे मजुराच्या पाठीची परीक्षा पाहणारे काम आहे. प्लॅस्टिकच्या कॉन्ड्युटमधून, म्हणजे नळीतून, तार न्यावयाची तर त्याच्या माथ्यावर १८ इंच माती हवी, असा नियम आहे. शिवाय झाडाच्या मुळांतून चर नेणे झाडालाही मानवत नाही. मी काकूंना विचारले की, बर्फ पडलेले असताना स्वयंपाकघराच्या दारातून त्या झाडापर्यंत त्या चालत कशा जाणार. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, “अरे, हे तर आपल्या कुणाच्याच मनात आलं नाही.”

टब स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, घराच्या भिंतीलगत आला. बाहेरचा चर दहा-बारा फुटांवर आला, पॅनल जागच्या जागी राहिले, आणि सहा हजारांचे काम सतराशेत झाले. हा माझ्या कौशल्याचा महिमा नव्हे. टब विकत घेण्यापूर्वी वायरमनला एकदा घरी बोलावून जागा दाखवली असती, तर पहिल्याच दिवशी हेच उत्तर निघाले असते. कारण जागा एकदा काँक्रीट ओतून पक्की झाली की तारेची किंमतही तिच्याबरोबर पक्की होते.

खर्चाचा जो भाग लोकांना सर्वांत अधिक खटकतो, तो मात्र लांबीचा नव्हे. तो आहे एका विशिष्ट ब्रेकरचा. साधा ५० अँपिअरचा ब्रेकर वीस-पंचवीस डॉलरांत मिळत असताना, टबाजवळच्या पेटीत बसवावयाचा गळतीरोधक ब्रेकर, ज्याला इथे जी.एफ.सी.आय. म्हणतात, तो पेटीसह शंभराच्या वर जातो; आणि मुख्य पॅनलमध्ये एक ब्रेकर असताना हा दुसरा कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. साधा ब्रेकर तारेचे रक्षण करतो. हा माणसाचे करतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांची बेरीज नेहमी शून्य असली पाहिजे, हे त्याचे गणित. ती शून्य नसेल तर प्रवाहाचा काही अंश भलत्या वाटेने, कदाचित पाण्यातल्या माणसाच्या देहातून, जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि हा फरक ४ ते ६ मिलिअँपिअरच्या दरम्यान पोहोचताच तो क्षणार्धात वीज तोडतो. आपल्याकडे घरांत बसवले जाणारे आर.सी.सी.बी. बहुधा ३० मिलिअँपिअरचे असतात. तेही प्राण वाचवतात, पण इथली मर्यादा त्याहून कितीतरी खाली आणून ठेवलेली आहे, आणि तिच्यामागे एका अभ्यासकाचे परिश्रम आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल ह्यांनी माणसाच्या शरीरावर विजेचे काय परिणाम होतात ह्याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि हातात धरलेली तार माणसाला स्वतःच्या इच्छेने सोडता येईल असा जास्तीत जास्त प्रवाह किती, हे स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले. त्याहून अधिक प्रवाह स्नायूंतून गेला की मूठ आवळली जाते आणि माणूस तारेला खिळून राहतो. पाण्यात असेल तर बुडतो. पाच मिलिअँपिअरच्या आसपासची मर्यादा जवळजवळ प्रत्येकाला तार सोडता यावी अशा बेताने ठरली आहे, आणि हा गळतीरोधक स्वतः डाल्झिएल ह्यांनीच १९६० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केला. १९६८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने तो प्रथम आवश्यक केला, तोही पोहण्याच्या तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठीच. ओल्या त्वचेचा रोध कोरड्या त्वचेच्या मानाने अत्यल्प असतो, ही एक गोष्ट ध्यानात घेतली, तर त्या शंभर डॉलरांबद्दल घासाघीस करण्याची इच्छा कोणालाही होऊ नये. योगायोग असा की, उपचारासाठी पाण्याचे झोत घरात आणणाऱ्या जाकुझी बंधूंच्या उद्योगाचा आरंभही त्याच बर्कलीत झाला. इटलीहून आलेल्या त्या कुटुंबातील कँडिडो जाकुझी ह्यांच्या लहान मुलाला संधिवाताने पंगू केले होते, आणि त्याच्यावर घरच्या घरी उपचार करता यावेत म्हणून त्यांनी न्हाणीच्या टबात ठेवण्याचा पंप तयार केला. १९६८ साली, म्हणजे संहितेने गळतीरोधक आवश्यक केला त्याच वर्षी, त्याच कुटुंबातील रॉय जाकुझी ह्यांनी टबाच्या अंगातच झोत बसवले. काकूंच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या त्या टबाकडे चैनीची वस्तू म्हणून पाहणे मला ह्या कारणानेही कधी जमले नाही.

गळतीरोधकाची जोडणी चुकली तर काय होते, ह्याचा एक नमुना मला वारंवार पाहावा लागतो. राहत्या घराच्या मालकाला स्वतः परवाना काढून आपल्या घरची जोडणी करण्याची मुभा ह्या राज्यात आहे, आणि कित्येक होतकरू गृहस्थ ती वापरतातही. पुढे दूरध्वनी येतो: टब चालू केला की ब्रेकर पडतो, नवा आणून बसवला, तोही पडतो, टबच सदोष दिसतो. मी पेटी उघडून पाहतो, तो टबाकडून आलेली पांढरी न्यूट्रल तार पेटीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवर बसवलेली असते. तिची जागा ब्रेकरवरच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली आहे, आणि ब्रेकरची स्वतःची गुंडाळलेली पांढरी शेपटी तेवढी पट्टीवर जावयाची असते. पांढरी तार ब्रेकरला वळसा घालून गेली, की ओझोनच्या यंत्राचा किंवा लहान पंपाचा १२० व्होल्टचा प्रवाह ब्रेकरमधून जातो खरा, पण परतताना त्याला दिसतच नाही. बेरीज शून्य येत नाही, आणि तो बिचारा आपले कर्तव्य बजावून वीज तोडतो. एका तारेची जागा बदलली की सारे सुरळीत होते. मात्र एका घरी ह्या पडण्याला कंटाळून गळतीरोधक काढून त्या जागी साधा ब्रेकर बसवण्याचा सल्ला कोणीतरी दिला होता आणि मालकाने तसा ब्रेकर विकतही आणून ठेवला होता. त्यांच्या दोन लहान मुली त्या टबात उतरणार होत्या. मी तो ब्रेकर त्यांच्या हातून मागून घेतला आणि दुकानात परत करायला लावला.

पेटी कोठे असावी ह्यालाही नियम आहे. वीज तोडण्याची कळ टबापासून दृष्टीच्या टप्प्यात हवी, ५० फुटांच्या आत, आणि पाण्यापासून निदान ५ फूट दूर हवी. म्हणजे संकटसमयी दुसऱ्या माणसाला ती चटकन सापडावी, पण पाण्यातल्या माणसाचा हात तिच्यापर्यंत पोहोचू नये. कमी खर्चात करतो म्हणणारे काही जण ती पेटी टबाच्या कडेलाच, जिथे तार बाहेर येते तिथे ठोकतात. चार फूट तार वाचते आणि नियमाचा गाभाच नष्ट होतो.

समविभव जोडणी हा त्याहून दुर्बोध भाग, आणि माझ्या मते ह्या साऱ्या कामाचे मर्म तेच आहे. विजेचा धक्का विभवाने बसत नसून विभवांतराने बसतो. पाणी, जवळचा लोखंडी कठडा, पायाखालची सळ्यांची फरशी ह्या सर्वांचे विभव एकच असेल, तर माणसाने एकाच वेळी दोहोंना स्पर्श केला तरी त्याच्यातून प्रवाह जाण्यास कारण उरत नाही. म्हणून पोहण्याच्या तलावाच्या भोवती ८ नंबरची उघडी, भरीव तांब्याची तार फिरवून सर्व धातू एकमेकांना बांधून टाकतात. ही तार दोष दूर करीत नाही. दोष आला तरी पाण्याशेजारच्या माणसाला तो जाणवू नये, एवढी व्यवस्था करते. जमिनीवर ठेवलेल्या, कारखान्यातून संपूर्ण तयार होऊन आलेल्या, प्रमाणित टबाला भोवतालच्या जमिनीच्या जोडणीतून काही अटींवर सूट मिळते. त्यातली मुख्य अट अशी की, टबाचा काठ आसपासच्या ३० इंचांतल्या पृष्ठभागापासून निदान २८ इंच उंच असावा. हाच टब कोणी लाकडी डेकमध्ये अर्धा उतरवून काठ डेकच्या पातळीला आणला, की ती सूट जाते आणि खर्च वाढतो. डेक बांधणाऱ्या सुताराला हे ठाऊक नसते, मालकाला नसते, आणि मी पोहोचतो तोवर डेक पुरा झालेला असतो.

परवान्याबद्दल थोडे. टाऊनशिपच्या बांधकाम दप्तरात विजेचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो, फी भरावी लागते, आणि चर बुजवण्यापूर्वी तपासनीस येऊन कॉन्ड्युटची खोली पाहतो. काम संपल्यावर पुन्हा येऊन पेटी उघडून पाहतो. ह्यात दिवस जातात, आणि परवान्याशिवाय करून दिले तर काही सूट मिळेल का, असे विचारणारे गिऱ्हाईक दर हंगामात भेटते. मी अशा कामाला हात लावत नाही. तपासनीस हा माझ्या कामावरचा दुसरा डोळा आहे. तोही माणूस आहे, कधी कधी एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर अडून बसतो, पण पाण्याशेजारच्या कामावर माझ्याशिवाय आणखी एक जाणता डोळा फिरून गेला, हे समाधान मला फीच्या रकमेहून मोठे वाटते. कुदळ लावण्यापूर्वी ८११ ह्या क्रमांकावर कळवले, की जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालक कंपन्या येऊन गवतावर रंगाने खुणा करून जातात, विजेला तांबडा, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. ह्या सेवेला एक पैसाही पडत नाही.

काटकसर करावयाची असेल तर तिला जागा आहेत, आणि त्या मी आपण होऊन सांगतो. टब घराजवळ घ्यावा. खुणा झाल्यावर चर घरच्या तरुण मुलांनी खणावा. मजुरीचा मोठा वाटा तिथेच वाचतो, आणि मी खोली मोजून देईन तेवढे पुरे. काँक्रीटचा चौथरा ओतण्याआधी त्याच्याखालून कॉन्ड्युटचा एक तुकडा घालून ठेवावा, म्हणजे पुढे फोडाफोड नको. एकाच वेळी गॅरेजमध्ये मोटारीसाठी जोडणी हवी असेल, तर दोन्ही कामे एका परवान्यात घ्यावीत. परंतु तारेची जाडी, गळतीरोधक, पेटीची जागा, समविभव जोडणी आणि तपासणी ह्या पाच बाबतींत जो कंत्राटदार पैसे कमी करून देतो म्हणेल, त्याला नम्रपणे निरोप द्यावा, मग तो मी का असेना.

टब चालू झाला म्हणजे माझे काम संपते, आणि त्यानंतरची एक गोष्ट घरच्यांवर सोपवावी लागते. गळतीरोधकाच्या तोंडावर ‘टेस्ट’ अशी एक लहान कळ असते. ती महिन्यातून एकदा, टबात कोणी नसताना दाबावी. ब्रेकर तत्काळ पडला तर तो पुन्हा चालू करून निर्धास्त असावे. पडला नाही, तर मुख्य पॅनलमधून टबाची वीज बंद करून, वायरमन येऊन तो बदलून जाईपर्यंत पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे.